शकुनाचं वजन

मुलगी बघायला आम्ही अमरावतीहून अकोल्याला, जठारपेठेत गेलो, तेव्हा मुलीच्या वडिलांनी मला पगार विचारला नाही. घर स्वतःचं की भाड्याचं, तेही विचारलं नाही. पोह्यांची बशी बाजूला सरकवून त्यांनी माझा उजवा हात हातात घेतला आणि म्हणाले, "मूठ वळा." मी मूठ वळली. ती बघून त्यांचा चेहरा असा काही पडला, की माझ्या आईला वाटलं, पोरात खोट निघाली. "अंगठा बाहेर ठेवत जा, जावईबापू," ते म्हणाले, "आत ठेवला तं पयल्याच ठोश्यात मोडते." मी शाळेत भूमिती शिकवणारा माणूस. माझ्यावर ठोसा मारायची वेळ कशाला येते? पण त्या वाक्यातलं 'जावईबापू' सगळ्यांनी ऐकलं होतं. आई खुशीत आली, तिनं पोह्यांची दुसरी बशी मागितली आणि आमचं लग्न ठरलं.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, एके काळी बॉक्सिंगमध्ये देशात पहिले आलेले आहेत. चांदूर बाजाराकडच्या खेड्यातला शेतकऱ्याचा पोरगा, शाळेसाठी मामाकडे अकोल्याला आला आणि शाळा सोडून मैदानावरच जास्त रमला. पहिले हातमोजे म्हणजे जुन्या गोधडीचे तुकडे, सुतळीनं मनगटाला बांधलेले. ते डावखुरे. डाव्या हातानं घास घेतला की त्यांची आई फटका द्यायची, म्हणून जेवताना तो हात पाठीमागे ठेवायची सवय लागली. तोच हात रिंगमध्ये पुढे आला की समोरच्याला तो दिसायच्या आत लागलेला असायचा. त्या हातानं रेल्वेत नोकरी दिली, घर दिलं, भिंतभर पदकं दिली. नोकरी संपली तरी सकाळ-संध्याकाळ मैदानावर जाणं काही संपलं नाही. जो पोरगा येईल त्याला शिकवायचं, फी विचारली तर रागवायचं, असा त्यांचा खाक्या.

त्यामुळे त्यांच्यासोबत बाजारात जाणं हा एक वेगळाच छळ आहे. त्यांनी घडवलेली पोरं पोलिसात, फौजेत, रेल्वेत, कुठं कुठं पसरलेली. चौकातला हवालदार शिट्टी तोंडात तशीच ठेवून वाकतो. रिक्षावाला रिक्षा उभी करून पाया पडतो आणि मागच्या गाड्यांचे हॉर्न वाजत राहतात. मेथीची एक जुडी आणायला आम्ही सकाळी निघालो तर परत येईपर्यंत मामींनी, म्हणजे सासूबाईंनी, वरण-भात वाढलेला असतो. एकदा मी वैतागून म्हटलं, "मामाजी, टोपी घालून निघत जा, कोणी ओळखणार नाही." त्यांनी टोपी घातली. त्या दिवशी टोपीची चौकशी करायला आणखी चार जण थांबले.

दुसरा छळ शालींचा. आपल्याकडे माणूस मोठा झाला की त्याला शाल आणि नारळ देतात. नारळ खाऊन संपतात, पण शाली उरतात. मामाजींच्या घरात एक आख्खं कपाट सत्काराच्या शालींनी भरलेलं आहे आणि दर वर्षी भर पडतेच. त्या कोणाला द्याव्यात तर देणाऱ्याचा अपमान, ठेवाव्यात तर जागा नाही. मामींनी त्यातून मार्ग काढला. घरातल्या खुर्च्यांवर शाली, टीव्हीवर शाल, कुलरवर उन्हाळ्यानंतर शाल. माझ्या गाडीच्या सीटांवरही त्यांनी शाली पसरून दिल्या. एखाद्या मंत्र्याच्या गाडीत बसल्यासारखं वाटतं, फक्त उन्हाळ्यात पाठ भिजते.

आता मुद्द्यावर येतो. मामाजींचा डावा डोळा ठोसे खाऊन खाऊन कधीचाच गेला. उजव्यावर सगळा कारभार चालला होता आणि मागच्या वर्षी तोही कुरकुरायला लागला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, लवकर करावं लागेल, आणि नजर किती उरेल ते आज सांगता येणार नाही. घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. मामाजी मात्र डॉक्टरांशी घासाघीस करायला लागले. "एक काम हाय, ते होऊ द्या. मंग काय चिराचं ते चिरा."

ते काम म्हणजे माझी मुलगी.

ती कृषी विद्यापीठात शिकायला म्हणून अमरावतीहून अकोल्याला आजोबांकडे राहायला गेली. जाताना म्हणाली, मातीचा अभ्यास करणार. पहिल्या दिवाळीला घरी आली तर दंडावर ही बेटकुळी. दारातच मला म्हणाली, "बाबा, मूठ वळा बरं." मी अंगठा बाहेर ठेवून वळली, तेवढं मला येतं. बायको स्वयंपाकघरातून धावत आली, लेकीच्या दोन्ही हातांकडे बघत राहिली आणि एकदम रडायला लागली. मला वाटलं, पोरीनं असले खेळ खेळू नयेत म्हणून रडते आहे. ती डोळे पुसत म्हणाली, "मी लहान होते तेव्हा बाबांच्या मागे लागले होते, मले शिकवा म्हणून. तेव्हा पोरींच्या लढतीच नव्हत्या." मग दोघी मायलेकी बैठकीत उशा घेऊन एकमेकींवर तुटून पडल्या. मी काचेचं सामान उचलत राहिलो.

तर अशी ही पोरगी आता पहिल्यांदा मोठ्या स्पर्धेत उतरणार होती. विभागाची निवड, आणि तीही अमरावतीत, आमच्याच गावात. मामाजींनी तिला सराव करताना रोज पाहिलं होतं, पण सराव वेगळा आणि लढत वेगळी. एकदा दवाखान्यातून परत येताना ऑटोत ते मला हळूच म्हणाले, "जावईबापू, तिले एकडाव रिंगमंदी पायलं पायजे. या डोळ्यानं. मंग कितीही अंधार होऊ द्या." ऑटोचा आवाज मोठा होता, पण मला नीट ऐकू आलं. मी रस्त्याकडे बघत बसलो.

नाव अठ्ठेचाळीस किलोच्या गटात गेलं होतं. मामाजींचा हिशेब असा की या उंचीची पोरगी त्या गटात भारी पडते. पोरगी होती पन्नासच्या वर. झालं, मामींच्या स्वयंपाकघरात संचारबंदी लागली. ज्या घरात वांग्याच्या भाजीवर तेलाचा तवंग बोटभर नसला तर भाजी 'कोरडी' म्हणतात, तिथं मुगाचं पाणी आणि काकडी. तुपाचा डबा मामाजींनी शालींच्या कपाटात कुलूपबंद केला. मामी दिवसभर करवादायच्या. "पोट्टीले उपाशी मारून राह्यले तुमी! पाप लागन!" मामाजी म्हणायचे, "लागू दे. पाप काट्यावर दिसत नाई."

काटा म्हणजे कोपऱ्यावरच्या धान्याच्या दुकानातला, तुरीची पोती मोजायचा. रोज संध्याकाळी आजोबा-नात तिथं जायचे. पोतं उतरायचं, पोरगी चढायची आणि दुकानदार साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असं वजन ओरडायचा. एखाद्या उपवर मुलीचं वजन असं जगजाहीर करायचं असतं का, असं माझ्या बायकोनं एकदा विचारलं. पण लेकीला त्याचं काही नव्हतं, उलट ती काट्यावर उभी राहून लोकांना हात दाखवायची. जठारपेठेत तूर किती आणि नात किती, या दोन भावांची चर्चा बरोबरीनं चालायची. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी आम्ही नवरा-बायको अकोल्याला पोचलो तेव्हा काट्यावर हीऽ गर्दी. दुकानदार वाकला, त्यानं चष्मा वर केला, खाली केला आणि ओरडला, "अठ्ठेचाळीसच्या आत!" रस्त्यानं टाळ्या वाजवल्या. मामाजींनी आपला तो डावा हात हवेत उंच केला. मी आयुष्यात पहिल्यांदा एका वजनकाट्यासाठी शिट्टी वाजवली.

सकाळी अमरावतीत वजन होणार होतं, म्हणून पहाटेच निघायचं ठरलं. पोरगी उपाशी, पाण्याचा घोटसुद्धा नाही. मी गाडी दारात लावली आणि बघतो तर गल्ली जागी. मामी पुढे आल्या, त्यांच्या हातात दही-साखरेची वाटी. आता एवढ्या मोठ्या कामाला लेकरू निघालं आणि हातावर दही-साखर पडली नाही, असं कधी झालं आहे? मामींनी चमचा दिला, पोरीनं चाटला. शेजारच्या काकूंनी त्यांच्या घरचं विरजण आणलं होतं. एकीचं घेतलं आणि दुसरीचं नाही, असं चालतं का? समोरच्या बिऱ्हाडाचं, वरच्या मजल्याचं, पलीकडच्या आजींचं. आजींचा हात थरथरतो म्हणून त्यांनी चमच्याऐवजी पळी आणली होती. दुकानदाराच्या बायकोनं देवापुढचा पेढा आणला. शेवटी मामाजी पुढे आले. ज्या माणसानं महिनाभर त्या पोरीच्या ताटातले भाताचे दाणे मोजले होते, त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, वाटीत उरलेलं दही बोटानं निपटून तिच्या तळहातावर ठेवलं आणि म्हटलं, "जाय माय, विजयी हो." माझे डोळे भरून आले. बायको तर केव्हाचीच रडत होती.

एकाच्याही मनात आलं नाही. खोटं कशाला सांगू, माझ्याही नाही. दही-साखर म्हणजे खाणं थोडंच आहे, तो शकुन आहे.

मूर्तिजापूरजवळ एका पोलिसानं हात दाखवून गाडी थांबवली. मी घाईघाईनं पट्टा ओढला, कारण तो लावलेला नव्हता. तो हवालदार धावत मागच्या खिडकीशी गेला आणि खिडकीतूनच मामाजींच्या पाया पडायचा प्रयत्न करायला लागला. त्याच्या हातात नारळपाणी. "सर, नातीले आपल्याकडून." मामाजी म्हणाले, "पेऊन घे, पोरानं पहाटपासून उभं राहून आनलं." बडनेऱ्याला रेल्वेतले दोघं उभे. त्यांच्याकडे सत्यनारायणाचा प्रसाद. द्रोणभर शिरा, वर केळ्याचे काप. प्रसादाला नाही म्हणायची आमच्यात कोणाची छाती? पोरीनं डोळे मिटून, हात जोडून संपवला. मला वाटतं तिनं तो जरा जास्तच भक्तिभावानं संपवला.

अमरावतीत स्पर्धेच्या हॉलशेजारच्या खोलीत मुलींची वजनं चालली होती. आत बाई अधिकारी, त्यामुळे लेकीबरोबर फक्त बायको गेली. मामाजी, मामी आणि मी बाहेर. मामाजींनी ठेवणीतला कोट घातला होता. ते ओळखीच्या पंचांशी गप्पा मारत होते, हसत होते. दार उघडलं आणि बायको बाहेर आली. तिचा चेहरा बघून मामी म्हणाल्या, "कोन मेलं?"

"साडेचारशे ग्रॅम जास्त," बायको म्हणाली.

"काटा खराब असन," मामाजी म्हणाले.

"काटा बरोबर आहे, बाबा. मी चढून पाहिलं. माझंही जास्तच आहे."

मामाजींनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. काल संध्याकाळी जेवण नाही. रात्री पाणी नाही. सकाळी काही नाही. मग ते एकदम थांबले आणि मामींकडे बघायला लागले. मामी माझ्याकडे. मी गाडीकडे, जिथं मागच्या सीटवर रिकामा द्रोण पडला होता.

"दही!" मामाजी म्हणाले.

"दह्याचं कुठी वजन असते?" मामी कडाडल्या. "चाटलं तेवढं लेकरानं! तेवढ्यासाठी मले बोलून राह्यले? आनि शेवटचं बोट कोनाचं होतं?"

"अवो, मी काय म्हनलं," मामाजींचा आवाज अगदी खाली गेला होता. "शकुनाले वजन असते हे मले इतक्या वर्सात कोनी सांगतलं नाई."

मला हसू आलं, पण तेवढ्यात मामाजी पायरीवर बसले. त्यांनी चष्मा काढला, रुमालानं उजवा डोळा पुसला, परत पुसला. गट बदलता येत नव्हता. नाव गेलं ते गेलं. पुढली स्पर्धा पुढल्या वर्षी, आणि पुढल्या वर्षी त्या डोळ्याचं काय असेल ते डॉक्टरही सांगत नव्हते. या माणसानं उभ्या आयुष्यात शेकडो पोरांना काही न घेता शिकवलं. त्या पोरांचं, गल्लीचं, घराचं सगळं प्रेम त्या सकाळी नातीच्या पोटात गेलं होतं आणि त्याचं वजन भरलं होतं साडेचारशे ग्रॅम. मला कोणावर रागवावं तेच कळेना.

राग आला तो माझ्या बायकोला, आणि तिनं तो बरोबर ठिकाणी वापरला. "नऊपर्यंत कितीदाही चढता येतं, मी विचारलं आहे," ती म्हणाली. "बाबा, उठा. रडायला दिवस पडला आहे. अहो, तुम्ही गाडीतल्या शाली आणा."

"शाली?"

"सगळ्या!"

मी धावलो. त्यानंतर मैदानावर जे घडलं ते बघायला आख्खी अमरावती जमायला हवी होती, आणि बरीचशी जमलीही. पोरीच्या अंगात माझा स्वेटर, त्यावर बायकोचा रेनकोट, त्यावर आजोबांच्या सत्काराच्या चार शाली, भरजरी काठाच्या, एक कानाला घट्ट बांधलेली. ऑक्टोबरचं ऊन चढलेलं. ती पळायला लागली. तिच्या मागे तिची आई, साडीचा पदर खोचून. त्यांच्या मागे मूर्तिजापूरचा तो हवालदार, ज्याला फोनवर बातमी कळताच तो मोटरसायकल दामटत आला होता. "माझंच नारळपाणी नडलं," असं दर फेरीला ओरडत तो वर्दीत पळत होता. आणि त्याच्याही मागे मी. मी का पळत होतो ते विचारू नका. माझ्या पळण्यानं तिचं वजन कमी होणार नव्हतं, एवढं विज्ञान मला कळतं. पण उभंही राहवत नव्हतं.

मामाजी मधोमध उभे राहून ओरडत होते. "गुडघे वर! वर! जावईबापू, तुमी बसा, तुमाले काई झालं तं कोन पायन!" मामींनी गेटवरच्या बाईकडून मूठभर चिंच आणली. दोरीवरच्या उड्या मारणाऱ्या पोरीसमोर उभ्या राहून त्या चिंच चोखायला लागल्या, मिटक्या मारत, डोळे मिटत, चक् चक् आवाज करत. "थुक, माय, थुक! गिळू नको!" पोरगी थुंकत होती, हसत होती, हसून हसून खाली बसत होती, आणि आजोबा ओरडत होते, "हासू नको! हासू नको!" आणि स्वतःच पोट धरून हसत होते. हवालदार थुंकत होता. मला तोंड आवरेना, मीही थुंकलो. शहाण्यासुरत्या घरातली माणसं भर सकाळी मैदानावर रांगेनं थुंकताना पाहून एक ओळखीचे पालक माझ्याकडे बघत स्कूटर हळू करून गेले. सोमवारी शाळेत काय होणार ते मला तेव्हाच दिसलं, पण कोण पर्वा करतो.

पहिल्या खेपेला दीडशे ग्रॅम जास्त. परत मैदान. दुसऱ्या खेपेला चाळीस. बायको म्हणाली, वेणी कापते. मामींनी आपल्या दोन्ही हातांनी नातीची वेणी धरून ठेवली. मामाजी म्हणाले, "वेनी राहू द्या, अजून घाम हाय तिच्यात." मग गाडीच्या काचा बंद करून, सगळ्या शाली पांघरून तिला आत बसवलं आणि सोबतीला मला, कारण कोणीतरी बोलतं ठेवायला हवं. मी तिला पायथागोरसचा सिद्धांत समजावून सांगितला. तिला इतका घाम आला की तिनं नंतर तो सिद्धांत सर्व खेळाडूंना सुचवला.

तिसऱ्या खेपेला दार उघडलं आणि बायको बाहेर आली. तिनं फक्त दोन्ही मुठी वर केल्या, अंगठे बाहेर. हवालदारानं मला उचललं. मामी तिथंच जमिनीवर बसल्या आणि उरलेली चिंच त्यांनी स्वतः खाऊन टाकली.

पोरीला मग पाणी मिळालं, केळी मिळाली, थोडा भात मिळाला, आणि मामाजी तिच्याजवळ असे बसले की गल्लीतलाच काय, देवळातलाही कोणी वाटी घेऊन फिरकू नये. दुपारी ती झोपून उठली तेव्हा चेहरा टवटवीत होता.

लढतीच्या वेळी मामींनी आत यायला नकार दिला. "माझ्याच्यानं नाई पायल्या जात," म्हणत त्या बाहेर लिंबाखाली डोळे मिटून बसल्या. बायको रिंगच्या अगदी जवळ, कोपऱ्याशी उभी. मामाजींना पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. त्यांनी मला आपल्या डाव्या हाताला बसवलं. "या बाजूचं मले काईच दिसत नाई, जावईबापू. पोट्टी इकडं सरकली तं तुमी सांगाचं. दुसरं काई करू नका, फक्त सांगाचं."

एवढी मोठी जबाबदारी मला कोणी दिलेली नव्हती. घंटा झाली. लाल कोपऱ्यातून माझी मुलगी, निळ्यातून एक यवतमाळची पोरगी, मानेनं जाड आणि डोळ्यांनी धीट. "ती डावीकडे सरकली," मी सांगायला लागलो, "साधारण पंचेचाळीस अंशात. आता काटकोन. आता दोघी समांतर आहेत."

"अंश नका सांगू! मारलं का खाल्लं ते सांगा!"

"खाल्लं," मी म्हणालो.

पहिली फेरी खाल्ल्यातच गेली. तिच्या नाकावर, कपाळावर, कानशिलावर. प्रत्येक वेळी माझं अंग आक्रसत होतं आणि मामाजी खुर्चीचा हात दाबत होते. फेरी संपल्यावर ते म्हणाले, "घाबरली नाई न?" मी म्हणालो, "नाही. हसते आहे." "मंग ठीक हाय," ते म्हणाले आणि रुमालानं डोळा पुसून पुन्हा ताठ बसले. दुसऱ्या फेरीत पोरीचा डावा हात सुटायला लागला. होय, तीही डावखुरीच. "मारलं!" मी ओरडलो. "मारलं! खाल्लं. मारलं! मारलं, मामाजी, परत मारलं!" आमच्या मागे बसलेले लोक आता लढतीपेक्षा माझ्याकडेच बघत होते.

तिसऱ्या फेरीला हॉल उभा राहिला. मामाजीही उभे राहिले. मी सांगत होतो, पण त्यांना माझी गरज उरली नव्हती. पोरगी रिंगच्या उजव्या बाजूला आली होती, बरोबर त्यांच्या चांगल्या डोळ्यासमोर. त्यांचे खांदे हलायला लागले. पाय हलायला लागले. ते तिच्याबरोबर झुकत होते, तिच्याबरोबर मागं सरत होते, ओठांनी काहीतरी पुटपुटत होते. आणि मग तिनं डावा हात सोडला असणार, कारण मामाजींनीही सोडला. त्या बाजूला मी होतो. त्यांना मी दिसत नव्हतो.

मला एकदम छप्पर दिसलं. पत्र्याचं छप्पर, त्याला आधार देणाऱ्या लोखंडी कैच्या, एका कैचीवर एक कबुतर. नाकातून काहीतरी गरम वाहत होतं. "डोकं मांगं करा, मांगं करा," हवालदार म्हणत होता आणि त्यानं माझ्या नाकावर ओला रुमाल दाबला होता. घंटा झाली. आरडाओरडा झाला. मग हॉल शांत झाला, अगदी गप्प, आणि मग परत असा काही गोंधळ उसळला की कर्ण्यावरचं नाव ऐकू येईना. मी उठायला गेलो तर हवालदारानं मला दाबून धरलं. माझ्या पोरीची पहिली लढत, आणि मी कबुतर बघत होतो.

"मामाजी!" मी ओरडलो. "मामाजी, काय झालं?"

ते माझ्याजवळ खाली बसले. त्यांना मला लागल्याचं कळलं की नाही कोण जाणे. त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"सांगतो," ते म्हणाले. "समदं सांगतो, जावईबापू, तुमी हलू नका. ती दोरीले टेकली होती न, तिथून फिरली. पयले उजवा दाखवला, खोटा. ती यवतमाळवाली फसली. मंग डावा, खालून, असा. मंग परत डावा. मंग घंटा झाली. मंग पंचानं दोघीचेबी हात धरले."

"आणि?"

मी छपराकडे बघत होतो, माझ्या हातावर त्यांच्या डोळ्यातलं गरम पाणी पडत होतं.

"लाल मोजा वर गेला," ते म्हणाले. "म्या पायला. कोनी सांगतलं नाई मले, म्या सोता पायला."